पोलीस अधिकाऱ्यांचे विशेष प्रशिक्षण आणि गावाचा वाटा



बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे दोन भाग फार पूर्वीपासून मानले जातात. घाटाखालून मुंबई-हावडा लोहमार्ग आणि जुना राष्ट्रीय महामार्ग जातो. मलकापूर, नांदुरा, खामगाव आणि शेगाव ही गजबजलेली ठिकाणे तिकडे आहेत, तर जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींची गावे आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि दोन्ही राजांचे तालुके, म्हणजे देऊळगाव आणि सिंदखेड. तेथून अलीकडे समृद्धी महामार्ग गेला. शेगावी वर्षभर भाविकांचा ओघ असतो आणि होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या यात्रेला अफाट जनसमुदाय लोटतो.

अशा जिल्ह्यात नेमणूक झालेल्या एखाद्या पोलीस उपनिरीक्षकाला एका वर्षी यात्रेतील गर्दी सांभाळावी लागते, दुसऱ्या वर्षी महामार्गावरील अपघाताचा तपास करावा लागतो आणि तिसऱ्या वर्षी कोणा निवृत्त गुरुजींच्या बँक खात्यातून भ्रमणध्वनीवरून गेलेल्या पैशांचा माग काढावा लागतो. यांपैकी प्रत्येक काम हे आज स्वतंत्र शास्त्र झाले आहे. सेवेत येताना मिळालेल्या प्राथमिक शिक्षणात या सर्वांची तयारी होणे शक्य नाही. म्हणून सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी घटनास्थळाचे परीक्षण, संगणकीय गुन्हे, बालकांविषयीचे गुन्हे, अपघात तपास, गर्दीचे नियोजन अशा विषयांचे विशेष पाठ्यक्रम चालविले जातात. काही एका आठवड्याचे असतात, तर काही कित्येक आठवड्यांचे.

या विषयाची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. प्रशिक्षित अधिकारी घटनास्थळी पोहोचतो तेव्हा गाव तेथे अगोदरच पोहोचलेले असते. त्याने शिकलेल्या विद्येचा उपयोग किती व्हावयाचा, हे पुष्कळ अंशी गावाने तोपर्यंत काय केले यावर ठरून गेलेले असते.

प्रारंभी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. १८६१ च्या कायद्याने पोलीस दलाची बांधणी झाली, पण अधिकाऱ्यांना शिकविण्याची पद्धतशीर सोय सर्वत्र लगेच झाली नाही. १९०२-०३ मध्ये जो पोलीस आयोग नेमण्यात आला त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले होते. आयोगाने प्रांतोप्रांती प्रशिक्षण विद्यालये असावीत अशी शिफारस केली. त्यानंतर १९०६ मध्ये मध्य प्रांताचे विद्यालय सागर येथील जुन्या किल्ल्यात सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे विद्यालय पुण्याजवळ भांबुर्डा येथे निघाले. हे दुसरे विद्यालय १९०९ मध्ये नाशिकला हलविण्यात आले. त्र्यंबक रस्त्यावरील आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला असल्याने बुलढाण्याचा संबंध प्रथम सागरशी होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यांची वाट नाशिककडे वळली. शिपायांच्या प्रशिक्षणासाठी आज अकोला आणि जालना येथील केंद्रे जवळची आहेत.

या विद्यालयांत दीर्घ काळ भर होता तो कवायत, कायदा आणि शिस्त यांवर. शासनावर येणारे संकट म्हणजे दंगा आणि त्याचे उत्तर म्हणजे तुकडी, अशी परकीय राजवटीची समजूत होती. स्वातंत्र्यानंतर तपासाच्या शास्त्राकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले. केंद्र शासनाने गुन्हे तपासाचे शिक्षण देणाऱ्या शाळा काढल्या. पहिली कलकत्त्यास निघाली आणि हैदराबादची १९६४ मध्ये. पोलीस संशोधन व विकास ब्यूरो १९७० मध्ये स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षी, १९७१ मध्ये, पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली तिचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे यांच्याकडे होते. ही निवडच बोलकी होती. समाजशास्त्राचा एक मराठी प्राध्यापक पोलिसांनी काय शिकावे हे सांगणार होता. समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला. पोलिसाला कायद्याबरोबर माणूस आणि समाज समजला पाहिजे, त्याच्या वृत्तीत पालट झाला पाहिजे, हा त्याचा गाभा होता.

आता या शास्त्रांपैकी सर्वांत जुने आणि गावाशी सर्वाधिक निगडित असलेले घ्यावे, ते म्हणजे घटनास्थळाचे परीक्षण. ऑस्ट्रियातील तपासी न्यायाधीश हान्स ग्रोस यांनी या विषयावरचा आपला ग्रंथ १८९३ मध्ये लिहिला. त्याचे इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये मद्रासच्या सरकारी वकिलाने केले आणि ते हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांच्या हाती आले. पुढे फ्रान्समधील लिऑन शहरात एडमंड लोकार यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा उघडली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येकीचे काही तरी दुसरीवर राहते, हे त्यांचे तत्त्व जगभरच्या पोलीस विद्यालयांत आजही पहिल्या धड्यात शिकविले जाते. गुन्हेगार येताना काही तरी आणतो आणि जाताना काही तरी नेतो. अडचण एवढीच की हा नियम बघ्यांनाही लागू आहे. शंभर माणसे घटनास्थळावरून फिरून गेली म्हणजे शंभरांचे काही ना काही तेथे राहते आणि शंभरांबरोबर काही ना काही तेथून निघून जाते.

समजा, घाटावरच्या एखाद्या शिवारात सकाळी विहिरीत प्रेत दिसले. घटकाभरात पाच-पन्नास माणसे जमतात. दोर येतो, बाज येते, दोन धाडसी पोरे खाली उतरतात आणि प्रेत वर काढले जाते. काठावरच्या चपला कोणी तरी उचलून बाजूला ठेवतो. बांधावर पडलेला फवारणीच्या औषधाचा डबा लेकरांच्या हाती लागू नये म्हणून कोणी नाल्यात फेकून देतो. यांत कोणाचाही हेतू वाईट नसतो. उलट प्रत्येकाने चांगलेच केले असे त्याला वाटते. आणि तरीही, मृत्यूचे कारण सांगू शकणाऱ्या तीन गोष्टी पोलीस येण्याआधीच नाहीशा झालेल्या असतात.

तपासी अंमलदारापुढे प्रश्न उभा असतो तो असा : माणूस पाय घसरून पडला, त्याने आपणहून जीव दिला, की त्याला मारून विहिरीत टाकले? काठावर चपला कशा होत्या, नीट काढून ठेवलेल्या की एक इकडे आणि एक तिकडे, यावरून पहिला अंदाज बांधता येतो. काठावरची काळी माती ओली असेल तर तिच्यात पावलांचे ठसे उमटतात आणि प्लॅस्टरच्या साह्याने त्यांचा साचा घेता येतो. औषधाच्या डब्यावर बोटांचे ठसे असू शकतात, आणि डबा मिळाला तर पोटातील विष कोणते ते शोधण्याचे प्रयोगशाळेचे काम सोपे होते. पाण्यातही पुरावा असतो. विहिरीच्या आणि नदीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कवचधारी शैवाल असते. जिवंत माणूस बुडतो तेव्हा पाणी श्वासाबरोबर फुप्फुसात शिरते आणि हे शैवाल रक्तावाटे हाडांतील मगजापर्यंत पोहोचते. मेलेल्या माणसाला पाण्यात टाकले तर रक्ताभिसरण थांबलेले असल्यामुळे ते तेथवर जात नाही. ही परीक्षा निर्दोष आहे असे तज्ज्ञही मानीत नाहीत, पण इतर पुराव्याच्या जोडीला ती उपयोगी पडते. मात्र त्यासाठी त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेतलेला असावा लागतो. विशेष पाठ्यक्रम केलेला अधिकारी प्रेताबरोबर पाणीही का पाठवितो, याचा उलगडा यावरून व्हावा.

माणूस जिवंत असण्याची किंचितही शक्यता असेल तर त्याला वर काढणे हेच पहिले कर्तव्य. तेथे पुराव्याचा विचार करू नये. परंतु मृत्यू झाल्याचे उघड असेल तर पोलीस येईतो थांबणे, विहिरीभोवती दोर बांधून जागा मोकळी ठेवणे आणि जी वस्तू जेथे आहे तेथेच राहू देणे एवढे गावाने केले तरी पुष्कळ झाले. श्वानपथक येणार म्हटले की शेजारची दोन गावेही पाहावयास लोटतात. कुत्र्याला माग काढता यावा म्हणून जी वाट निर्मनुष्य असावयास हवी, तीच त्या दिवशी सर्वाधिक तुडविली जाते. श्वानपथकाविषयीच्या कुतूहलाचा श्वानपथकाला इतका उपद्रव होतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

पण विहिरीवर एकच मृत असतो. एका रात्री या जिल्ह्यात पंचवीस होते.

१ जुलै २०२३ रोजी पहाटे दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी प्रवासी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात उलटली आणि तिने पेट घेतला. बसमध्ये तेहतीस जण होते. आठ जण वाचले, पंचवीस जणांचा होरपळून मृत्यू झाला. मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. जनुकीय तपासणीने ओळख पटविण्यास काही दिवस लागणार होते. तोपर्यंत मृतदेह ठेवावयाचे कसे, आणि दूरदूरच्या गावांहून आलेल्या आईबापांना सांगावयाचे काय, असा प्रश्न प्रशासनापुढे होता. अखेर नातेवाइकांशी बोलून, त्यांच्या संमतीने, दुसऱ्या दिवशी बुलढाणा येथे चोवीस मृतदेहांवर सामूहिक अंत्यसंस्कार करण्यात आले. आपले माणूस कोणत्या चितेवर आहे हे त्या दिवशी तेथे जमलेल्या कुटुंबांना कळू शकत नव्हते.

अशा आपत्तीत मृतांची ओळख पटविणे हा आज जगभर पोलीस प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे. आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने, म्हणजे इंटरपोलने, त्यासाठीची मार्गदर्शिका प्रथम १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे सूत्र सोपे आहे. एका पिवळ्या नमुन्यात बेपत्ता व्यक्तीविषयी घरच्यांकडून मिळालेली माहिती भरावयाची : दातांवर केलेले उपचार, जुनी शस्त्रक्रिया, हाडात बसविलेली पट्टी, अंगठी, आईबापांच्या किंवा मुलांच्या रक्ताचा नमुना. दुसऱ्या, गुलाबी नमुन्यात मृतदेहावर जे आढळले ते नोंदवावयाचे. दोन्ही नमुने जुळले म्हणजे ओळख पटली. बोटांचे ठसे, दात आणि जनुके ही तीन प्रमुख साधने मानली जातात. चेहरा पाहून केलेली ओळख त्यांत नाही, कारण दुःखाने व्याकूळ झालेले डोळे चुकतात. मृतदेह उचलण्यापूर्वी त्याला क्रमांक दिला पाहिजे, तो वाहनात कोणत्या जागी होता ते लिहिले पाहिजे आणि एकाजवळची वस्तू दुसऱ्याजवळ जाता कामा नये. या तीन गोष्टी चुकल्या तर पुढची सर्व शास्त्रे लंगडी पडतात.

महामार्गालगतच्या गावांना येथे मोठे काम आहे. अपघात झाला की जखमींना बाहेर काढण्यासाठी प्रथम धावतात ते शेजारच्या शिवारातले लोक, आणि ते धावतात हे या जिल्ह्याला भूषणावह आहे. जखमी रुग्णालयात गेल्यानंतर मात्र रस्त्यावर पसरलेल्या पिशव्या, भ्रमणध्वनी आणि कागदपत्रे ‘गोळा करून एका जागी ठेवण्याचा’ मोह टाळला पाहिजे. कोणाची पिशवी कोणत्या आसनाखाली होती यावरूनच कधी कधी कोण कोठे बसले होते ते कळते. कोणता जखमी कोणत्या गाडीतून कोणत्या रुग्णालयात गेला, याची यादी गावातील एकाने वहीवर केली तर ती तपासी अंमलदाराला फार मोलाची ठरते. शिक्षक हे काम उत्तम करू शकतात. चालकाच्या रक्ताचा नमुना वेळेत घेणे हाही अशा तपासाचा भाग असतो. वरील अपघातात असा नमुना अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासण्यात आला. रक्तातील मद्याचे प्रमाण तासागणिक घटत जाते, म्हणून येथे प्रत्येक तासाला किंमत असते.

आता शाळेकडे वळू. नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेत घडलेल्या प्रकाराने साऱ्या महाराष्ट्राला हादरा बसला होता आणि त्याच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम त्यापूर्वी चार वर्षे, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, अंमलात होता. या कायद्याने पोलिसांच्या कामाची रीतच बदलली. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावयाचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा, आणि त्या वेळी अंगावर गणवेश असू नये. रात्री बालकाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावयास हवा आणि त्याला विशेष प्रशिक्षण मिळालेले असावयास हवे.

हे प्रशिक्षण मुख्यतः विचारण्याचे आणि ऐकण्याचे असते. ‘त्याने तुला हात लावला का?’ असे विचारले की बालक मोठ्यांच्या मनातील उत्तर देते, हो किंवा नाही. ‘काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हटले की ते आपली हकीकत सांगते. मध्ये थांबले तर थांबू द्यावे, वाक्य पुरे करून देऊ नये, त्याचा गावठी शब्द बदलून आपला शुद्ध शब्द घालू नये. ऐकताना या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु वर्षानुवर्षे आरोपींना दरडावून विचारण्याची सवय जडलेल्या अधिकाऱ्याला त्या नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्या एका दिवसाच्या व्याख्यानाने येत नाहीत.

प्रशिक्षित महिला अधिकारी शाळेत पोहोचते तोपर्यंत काय झालेले असते? मुलीने एका बाईंना सांगितलेले असते. बाईंनी तिला मुख्याध्यापकांपुढे नेलेले असते. त्यांनी पुन्हा विचारलेले असते. मग संस्थेचे पदाधिकारी येतात, मग पालक, मग गावातील दोन वजनदार मंडळी, आणि कधी कधी तर ‘समोरासमोर होऊन जाऊ द्या’ म्हणून ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाही बोलावले जाते. सहाव्यांदा सांगताना मुलीचे शब्द थोडे बदलतात. ती थकलेली असते, घाबरलेली असते. पुढे न्यायालयात बचाव पक्षाचे वकील विचारतात ते नेमके याच फरकाबद्दल. शिक्षकाने एकदा शांतपणे ऐकावे, मुलीचे शब्द जसेच्या तसे दिनांक आणि वेळ घालून लिहून ठेवावेत आणि लगेच पोलिसांना कळवावे. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते. कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाने दडविले तर ती अधिक कडक आहे. शाळेच्या अब्रूचा विचार करून प्रकरण गावातच मिटविणारे गृहस्थ स्वतःच आरोपी होऊ शकतात, याची जाणीव पंचायतींनाही असावयास हवी.

संगणकीय गुन्ह्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालील अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून या विषयाच्या पाठ्यक्रमांना निरीक्षकांना पाठविणे अगत्याचे झाले. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा १५ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाल्या. परंतु गेलेला पैसा पुढच्या खात्यात असेतोच अडविता येतो, आणि तो तेथे फार वेळ राहत नाही. फसवणूक झालेला गृहस्थ लाजेने दोन दिवस घरात सांगत नाही, तिसऱ्या दिवशी ठाण्यात येतो. तोपर्यंत अधिकारी कितीही शिकलेला असला तरी त्याच्या हाती कागदच उरतात. १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लावावा.

यात्रांच्या बाबतीत २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे जे घडले ते पोलिसांच्या पाठ्यक्रमांत बोध म्हणून घेण्यासारखे आहे. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि दुकानांची आग यांत सुमारे तीनशे जीव गेले. सैलानीच्या यात्रेतही नारळांची होळी असते, हे लक्षात घेता हा धडा या जिल्ह्याला दूरचा नाही. वाट किती रुंद असावी आणि दुकाने तिच्यापासून किती दूर असावीत याचे गणित अधिकारी शिकून येतो. पण जागा आखून देणे आणि दुकानांना परवानगी देणे यांत स्थानिक संस्थांचा हात असतो.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्यांनी प्रशिक्षणाची निकड एकाएकी वाढविली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद झाली असून ती टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाची आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावयाचे आहे. भ्रमणध्वनीवरील चित्रण न्यायालयात दाखल करताना त्यात पुढे फेरफार झालेला नाही हे दर्शविणारे संगणकीय चिन्ह आणि प्रमाणपत्र जोडावे लागते. तीस वर्षे कार्बन कागदावर पंचनामा लिहिलेल्या हवालदाराला, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, हे सर्व नव्याने शिकावे लागत आहे. त्याच्याविषयी सहानुभूती बाळगली पाहिजे. मात्र दुसरा मार्गही नाही.

या प्रशिक्षण व्यवस्थेत उणिवा नाहीत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाठ्यक्रमाला कोणाला पाठवावे याचा निर्णय कित्येकदा कोणाला गरज आहे यावरून होत नाही, तर कोणावाचून ठाण्याचे काम अडणार नाही यावरून होतो. ज्याला गरज अधिक, तो बंदोबस्तात अडकलेला असतो. ठसे आणि घटनास्थळ यांचा पाठ्यक्रम करून आलेल्या अधिकाऱ्याची बदली सहा महिन्यांत वाहतूक शाखेत होते. प्रशिक्षण केंद्रातील नेमणूक ही बाजूला टाकल्यासारखी आहे, अशी समजूतही पोलीस दलात दीर्घ काळ रुजलेली होती. तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम वेगळे करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सप्टेंबर २००६ मध्ये दिला होता. तालुक्याच्या ठाण्यात आजही सकाळी तपासावर निघालेला अधिकारी दुपारी मोर्चाच्या बंदोबस्तावर दिसतो. तो आलाच नाही म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वी गावकऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

पोलीस ठाणे आणि गाव यांमधला दुवा म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने या पदाला आजचे रूप दिले. घटनास्थळ राखण्याचे, अनोळखी मृतदेहाची खबर देण्याचे आणि गर्दी आवरण्याचे काम प्रथम त्याच्याच वाट्याला येते. अधिकाऱ्यांना जे आठवडेच्या आठवडे शिकविले जाते, त्यातील गावापुरता भाग पोलीस पाटलांना तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांत शिकविता येईल. त्या वर्गाला ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि उपसरपंच बसले तर बिघडणार नाही. उलट, ज्यांना पुढे पंच म्हणून सही करावयाची आहे त्यांना आपण कशावर सही करतो हे आधी कळेल.

कारण पंचनाम्यासाठी त्याच वस्तीतील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात, आणि असे रहिवासी म्हणून बहुधा पंचायत सदस्यांनाच बोलावणे येते. संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावात विहिरीच्या पाण्याची बाटली, औषधाचा डबा आणि चपलांचा जोड कागदात गुंडाळून मोहोरबंद केला जातो. ठाण्यातील मुद्देमालाच्या नोंदवहीत त्याची नोंद होते आणि शिपाई ती पेटी घेऊन अमरावतीच्या प्रयोगशाळेकडे निघतो. तेथे प्रथम पाहिले जाते ते लाखेची मोहोर शाबूत आहे की नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, न्यायालयाच्या साक्षीच्या पिंजऱ्यात त्या पंचाला तीच चिठ्ठी दाखविली जाते आणि विचारले जाते, ही सही आपली आहे काय, आणि आपण सही केली तेव्हा ही वस्तू कोठे पडलेली होती?